जोडलेले उपकरण तपासा

वैशाखातल्या एका दुपारी माळवाडीवर नुसतं वारं आलं. पाऊस नाही, गारा नाहीत, वारंच. वीस मिनिटं राहिलं आणि जाताना शाळेचे सहा पत्रे, केरबा मंडपवाल्याची एक कनात आणि ओढ्याकाठची लाइटीची डीपी घेऊन गेलं. पत्रे दुसऱ्या दिवशी उसात सापडले. कनात तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात एका जावळाच्या कार्यक्रमाला लागलेली सापडली. डीपी जागेवरच होती, पण तिचा कोळसा झाला होता. वायरमन आला, खांबाखाली उभं राहून त्यानं वर बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "तालुक्यात अशा तीस गेल्यात. नंबर लागंल तवा लागंल."

लाइट जाऊन चौथा दिवस उजाडला तेव्हा हंबीरराव गोठ्यात मॅडमच्या मागच्या पायांकडं बघत उभे होते. हातात बादली होती, पण ती धरण्यापलीकडं तिचं काही काम नव्हतं.

मॅडम ही फलटणकडून आणलेली काळी-पांढरी गाय. मोठ्या गोठ्यात जन्मलेली, धारेच्या मशीनवर वाढलेली. तिच्या कासेला माणसाचा हात कधी लागला नव्हता आणि तो लागावा अशी तिची इच्छाही नव्हती. नऊ दिवसांपूर्वी व्याली होती आणि दोन्ही वेळचं मिळून चोवीस लिटर देत होती. म्हणजे लाइट होती तोवर. बाकीच्या सात गाई जुन्या वळणाच्या होत्या. मनुबाई सांधेवाताची बोटं गरम पाण्यात बुडवून त्यांच्या धारा कशाबशा काढायची. हंबीररावांचं उजवं मनगट फौजेत ट्रकच्या हँडलनं मोडलेलं, ते चौथ्या-पाचव्या पिळ्यालाच आखडून यायचं. फौजेतली सतरा वर्षं त्यांनी ट्रक चालवण्यात आणि उरलेला वेळ ट्रकखाली झोपण्यात काढली होती. गावात त्यांना सगळे मेजर म्हणत. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण गावानं बढती दिली होती आणि ती त्यांनी नाकारली नव्हती.

मॅडमनं पहिल्या दिवशी बादली मोडली. दुसऱ्या दिवशी हंबीररावांची नडगी सोलली. मागच्या पायांना न्याणा घालून बांधलं तर ती पान्हा चोरायची. ओढून ओढून बोटं दुखायची आणि दूध वाटीभर निघायचं. वासरू लावावं तर तेही बादलीवर वाढलेलं. तोंडात सड दिला की ते आईकडं एकदा बघायचं आणि बादली शोधायला निघायचं.

मनुबाईच्या मोबाइलवर मशीन चालू असतानाचा एक व्हिडिओ होता. तिसऱ्या दिवशी तिनं तो लावला. टकटक-टकटक ऐकल्यावर मॅडमनं कान टवकारले, डोळे अर्धे मिटले आणि पान्हा सोडला. चारी सडांतून दूध आपोआप जमिनीवर गळायला लागलं. मनुबाई पातेलं घेऊन धावली. हात लागला, लाथ बसली, मोबाइल शेणात पडला. धुऊन काढल्यावर त्यातनं पलीकडचं ऐकू यायचं, पण इकडचं तिकडं जायचं नाही.

"माझं ह्या घरात असंच हाय," मनुबाई म्हणाली आणि मोबाइल वापरत राहिली.

आज, चौथ्या दिवशी, हंबीरराव तसेच बादली धरून उभे असताना दारात मोटारसायकल थांबली आणि मागच्या सीटवरून रंगुबाई उतरली. माळवाडीत चारशे गाई होत्या आणि हातानं धार काढू शकणारी माणसं पाच. त्यात पहिला नंबर रंगुबाईचा, वय एकाहत्तर. दहा वर्षांत तिला कुणी ओट्यावर बस म्हटलं नव्हतं. आता तिला गोठ्यागोठ्यानं गाडीवरून फिरवत होते आणि घरोघरी दुधाचा चहा पाजत होते. चार दिवसांत तिला पित्त झालं होतं.

"चा नगं," ती आल्या आल्या म्हणाली. "गाय दाव."

ती मॅडमच्या कुशीला डोकं टेकून, तोंडानं काहीतरी पुटपुटत मिनिटभर उभी राहिली आणि मग हात कासेखाली सरकवला. मॅडमला कळायच्या आत तिनं चारी सड चाचपून हात बाहेर काढला. लाथ हवेत गेली.

"हंबीर, उजवा मागला सड," रंगुबाई म्हणाली. "खाली मऊ हाय, पर वर बूड कडक लागतंय. उद्या दिस मावळायच्या आत ही गाय रिकामी झाली न्हाई तर दगडी झालीच म्हणून समज. मग त्यो सड जल्मात दूध द्यायचा न्हाई."

"मग काय करू, आक्का?"

"मला इचारतोस व्हय? मी गाय पिळती. लाइट पिळता येत न्हाई मला."

हंबीररावांनी मोबाइल काढला आणि जर्मनीला फोन लावला.

त्यांचा मुलगा वीरधवल पुण्यात नोकरीला होता आणि कंपनीनं त्याला तीन महिन्यांसाठी तिकडं पाठवलं होतं. जाताना तो आपली नवी इलेक्ट्रिक गाडी गावाकडं ठेवून गेला होता. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये पांढऱ्या खोळीखाली उभी असायची. हंबीरराव आठवड्यातून एकदा ती उंब्रजपर्यंत नेऊन आणायचे, पण त्यांना ती आवडत नव्हती. बॉनेट उघडलं की आत झाकण, झाकण उघडलं की आत दुसरं झाकण. पाना लावायला जागाच नाही. "हिला बिघडायला तरी कुठनं यील?" असं ते म्हणायचे.

तिकडं पहाटेचे साडेचार वाजले होते. वीरधवलनं सगळं ऐकून घेतलं आणि जांभई देत म्हणाला, "आबा, मशीनची मोटर किती एचपीची हाय?"

"एकची."

"मग आपली गाडी चालवंल की. तिच्यातनं बाहेर लाइट घेता येतीया. डिकीत काळ्या पिशवीत एक अडॅप्टर हाय. त्यो चार्जिंगच्या तोंडात बसवायचा, त्याच्या मागं तीन पिनांचा सॉकेट हाय. तीन किलोवॅटपातूर काय बी लावा."

हंबीररावांनी शेडकडं बघितलं. गेल्या चार दिवसांत त्यांनी त्या गाडीच्या खोळीवर मनुबाईच्या शेवया वाळत घातलेल्या बघितल्या होत्या.

"हे आधी का न्हाई सांगितलंस?"

"लाइट गेलीया हे तुमी आधी का न्हाई सांगितलं?"

"तू लांब हाईस, तुला कशाला घोर, म्हून."

गाडी गोठ्याच्या दाराशी आणली. बॅटरी एकसष्ट टक्के होती. अडॅप्टर पिस्तुलासारखा दिसत होता. हंबीररावांनी तो सवयीनं आधी जमिनीकडं तोंड करून तपासला आणि मग बसवला. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डात बल्ब. बल्ब लागला. मनुबाईनं बल्बला हात जोडले. हंबीररावांनीही जोडल्यासारखं केलं.

मग त्यांनी मशीनचा जाड तीन पिनांचा प्लग बोर्डात घातला, मॅडमची कास धुतली, कप हातात धरले आणि बटण दाबलं.

टक्.

बल्ब गेला. गाडीच्या आत पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली. वीरधवलनं गाडी मराठीत करून ठेवली होती. हंबीररावांनी दार उघडून, चष्मा लावून ती तहसील कचेरीची नोटीस वाचावी तशी वाचली: "बाह्य विद्युतपुरवठा खंडित. जोडलेले उपकरण तपासा."

"काय म्हणतीया?" मनुबाईनं विचारलं.

"उपकरण तपासा म्हणतीया."

मनुबाईनं मशीनकडं बघितलं, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली. "तपासलं," ती म्हणाली.

पुन्हा बटण, पुन्हा टक्. पुन्हा तेच वाक्य, त्याच शांतपणानं.

आता अशा वेळी माळवाडीत काय करायचं हे ठरलेलं होतं. मोटर कुरकुरली की अर्थिंगला पाणी घालायचं. गोठ्यामागं जमिनीत पुरलेला सहा फुटी लोखंडी रॉड होता, भोवती कोळसा आणि मीठ. सात वर्षांपूर्वी गोठ्यांकडच्या लाइनीत न्यूट्रल, म्हणजे लाइटीची परतीची तार, गायब झाला, तेव्हापासून गावातली निम्मी मशिनं अशा रॉडवरच चालत होती. लाइट खांबावरून यायची आणि काम झालं की जमिनीत जायची. मनुबाई रोज सकाळी तुळशीला तांब्या आणि रॉडला बादली घालायची. तुळस वाळली होती, रॉड टवटवीत होता.

"पाणी घाल," हंबीरराव म्हणाले.

मनुबाईनं बादली घातली. टक्.

"मीठ घाल."

मीठ घातलं. टक्.

केरबा मंडपवाला कुंपणापलीकडून बघत होता. तो आत आला, बूट काढून रॉडजवळ बसला आणि माती चिमटीत धरून म्हणाला, "मेजर, ही कोरडी हाय की वो आतनं. मुरूम हाय. दोन बादल्यांनी काय हुतंय?" त्यानं आवाज दिला. शेजारच्या दोन बाया कळश्या घेऊन आल्या, त्यांच्या मागं आणखी तीन. अर्ध्या तासात रॉडला अठरा कळश्या पाणी पडलं आणि गोठ्यामागं चिखल झाला. म्हशी असत्या तर लोळल्या असत्या. एक म्हातारी निघताना रॉडला हळद-कुंकू लावून गेली.

हंबीररावांनी बटण दाबलं. टक्.

"जोडलेले उपकरण तपासा," केरबानं आत वाकून मोठ्यानं वाचलं. "गाडी लय मर्यादेनं बोलती, न्हाई?"

दुपारी गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या कंपनीच्या नंबरावर फोन लावला. गाणं वाजलं, एक दाबा, तीन दाबा, पुन्हा गाणं, आणि मग एक मुलगी म्हणाली, "नमस्कार, मी अपेक्षा बोलते. मी आपली काय मदत करू शकते?"

"गाडीच्या लाइटवर मशीन चालंना."

"क्षमस्व सर. कोणतं उपकरण जोडलंय?"

"गाईचं."

पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला. "सर, माझ्या यादीत लॅपटॉप, मिक्सर, हेअर ड्रायर, कॉफी मशीन आणि तंबूतला दिवा आहे. गाय दिसत नाही."

"गाय उपकरण न्हाई वो बाई. धारा काढायचं मशीन."

"ओके सर. 'इतर' मध्ये टाकते. आता मी सांगते तसं करा. गाडी बंद करा, चारी दारं लावा आणि किल्ली घेऊन गाडीपासून दहा पावलं लांब जा."

हंबीरराव वळले. फौजेतली पावलं पायात होतीच. एक, दोन करत त्यांनी दहा पावलं मोजली आणि उकिरड्याच्या कडेला थांबले. ऊन डोक्यावर होतं.

"गेलो."

"आता दहा मिनिटं थांबा सर. गाडीला विसरू दे."

"काय विसरू दे?"

"आधीची चूक, सर."

ते दहा मिनिटं उकिरड्यावर उभे राहिले. मनुबाई दारात, केरबा कुंपणाला, मध्ये कुलूप लागलेली गाडी. सगळे तिला विसरायला वेळ देत होते. गोठ्यातनं मॅडम हंबरली. खालच्या पट्टीतलं, लांबट, मध्येच तुटणारं हंबरणं. तिनं मागचे दोन्ही पाय फाकवले होते, कारण कास मांड्यांमध्ये मावत नव्हती.

दहा मिनिटांनी गाडी उघडली, बल्ब लावला, लागला. मशीन लावलं. टक्.

"सर, एक शेवटचं विचारते," अपेक्षा म्हणाली. "अर्थिंग व्यवस्थित आहे ना?"

हंबीररावांची छाती चार दिवसांत पहिल्यांदा थोडी फुगली. "अर्थिंग? अवं बाई, आमच्या अर्थिंगला रोज पाणी हाय. आज तर अठरा कळश्या घातल्यात. अख्ख्या तालुक्यात असं अर्थिंग सापडायचं न्हाई."

"छान सर," अपेक्षा म्हणाली. "मग अर्थिंगचा प्रश्न नाही. तक्रार नोंदवली आहे. जवळच्या केंद्रात गाडी घेऊन या."

"आन् गाय?"

"फक्त गाडी, सर."

मनुबाई म्हणाली, "आवं, उंब्रजच्या धैर्यशीलला बोलवा की. त्यो जळालेल्या मोटरीत तारा भरतो, त्याला कळंल."

"धैर्यशील माझ्या पुढं चड्डीत फिरत हुता," हंबीरराव म्हणाले. "बर्फात डिझेल गोठलेला ट्रक मी शेकोटीवर चालू केलाय. मला एक प्लग लावता यीना व्हय?"

मनुबाईनं बोटं गरम पाण्यात घातली.

गाडीतनं लाइट निघते ही बातमी तोवर गावभर झाली होती. संध्याकाळी चार वाजता पहिल्यांदा मोबाइल आले, एकवीस. मग मिक्सर. मग किराणावाल्याचा आइस्क्रीमचा फ्रीज बैलगाडीतून आला, कारण आतल्या कुल्फ्यांचं सरबत होत चाललं होतं. आणि पाच वाजता केरबा आला, या वेळी टोपी हातात घेऊन.

"मेजर, आज मायाची हळद."

माया केरबाची थोरली मुलगी. माळवाडीतला एकमेव जनरेटर केरबाचा होता आणि तो चार महिन्यांपूर्वी ठरलेल्या सुपारीप्रमाणं कराडला दुसऱ्याच्या लग्नात गेला होता. हे गावात कुणाला विचित्र वाटलं नव्हतं.

"लय न्हाई. हळदीचं वाटण, दोन हॅलोजन आन् एक बारका स्पीकर. आन् ते केस सरळ करायचं यंत्र. तिचं आपलं म्हणणं हाय की, सरळ केसांनी हळद लावायची."

हळदीच्या घरचं मागणं परत पाठवत नाहीत. हंबीररावांनी गाडीकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. "माझं मशीन तर चालत न्हाई," ते म्हणाले. "तुमचं चालतंय का बघा."

चाललं. सगळं चाललं. वाटण झालं, हॅलोजन लागले, मायाचे केस सरळ झाले. बारका स्पीकर म्हणून आलेला स्पीकर दोघांनी उचलून आणला होता, तोही चालला. हंबीररावांच्याच अंगणात बाया नाचल्या. किराणावाल्यानं कुल्फ्या वाटल्या. रंगुबाईला खुर्ची दिली. गाडीनं एकदाही कुणाला उपकरण तपासा म्हटलं नाही. मध्येच हंबीररावांनी हळूच एक पिन काढून मशीनचा प्लग घातला. टक्. सगळं अंगण अंधारलं, गाणं तुटलं आणि पंधरा-वीस माणसांनी वळून त्यांच्याकडं बघितलं.

"मेजर, खोडी नगा करू वो," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी प्लग काढला. गाणं सुरू झालं. ते गोठ्यात जाऊन मॅडमच्या शेजारी पोत्यावर बसले. भिंतीवर हॅलोजनचा उजेड हलत होता. इतक्या उजेडात मॅडमची कास स्पष्ट दिसत होती. शिरा वर आलेल्या, कातडी ताणून चकाकणारी, सड बाहेरच्या बाजूला फाकलेले. ती खाली बसायला बघायची, गुडघे वाकवायची आणि पुन्हा उभी राहायची.

सकाळी बॅटरी छत्तीस टक्के होती. उजवा मागचा सड इतर तिन्हींपेक्षा गरम लागत होता. हात लावला तेव्हा मॅडमनं लाथ मारली, पण उशिरानं, दमल्यासारखी.

हंबीररावांनी टोपी घातली. "उंब्रजला जाऊन येतो," ते म्हणाले. मनुबाईनं गाडीच्या तोंडातनं अडॅप्टर काढला. फ्रीज बंद पडला तसा किराणावाला आला. "मेजर, किती वेळ?"

धैर्यशीलच्या दुकानात जळालेल्या मोटरींची रांग रस्त्यापर्यंत आली होती. तो तांब्याच्या तारांच्या ढिगात मांडी घालून बसला होता, तीन रात्री झोपला नव्हता. त्यानं हंबीररावांना बघून उठायचा प्रयत्न केला, पण पायाला मुंग्या आल्या होत्या.

"आबा, तुमी कशाला आला? फोन करायचा."

हंबीररावांनी काय म्हणायचं ते रस्त्यात पाठ केलेलं होतं. ते विसरले. "गाय मरतीया रं," ते म्हणाले.

"दोन वाजता सुटतो. ह्या दोन शेतकऱ्यांचं पाणी थांबलंय, त्यांचं उरकतो आधी."

ते दोनपर्यंत दुकानासमोर गाडीतच बसून राहिले. एसी लावला असता तर बॅटरी गेली असती म्हणून लावला नाही. घाम मानेवरून पाठीत, पाठीवरून सीटवर. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "मेजर, नवी का? किती चालती?" ते म्हणायचे, "लय चालती."

धैर्यशील तीनच्या सुमारास गोठ्यात पोचला. केरबा, किराणावाला, कालच्या कळशीवाल्या बाया, सगळे जमले होते. बल्ब लावून दाखवला. मशीन लावून दाखवलं. टक्. गाडीनं आपलं वाक्य म्हटलं. धैर्यशीलनं मोटर फिरवून बघितली, तारा बघितल्या, मग गोठ्यामागं जाऊन चिखलात उभा राहिला. रॉडवर हळद-कुंकू होतं, एक फूल होतं.

"हे काय?"

"अर्थिंगला पाणी घातलं," हंबीरराव म्हणाले.

"का?"

"मशीन चालावं म्हून."

धैर्यशील रॉडकडं बघत राहिला, मग वळून गाडीकडं बघितलं. "आबा, मशीनचा प्लग तर गाडीत हाय. ह्यो रॉड गाडीला जोडलाय कुठं?"

अठरा कळश्या घालणाऱ्या बायांपैकी एकीनं पदर सारखा केला. केरबानं आकाशाकडं बघितलं.

धैर्यशीलनं खिशातनं स्क्रू-ड्रायव्हर काढला, प्लगचं झाकण उघडलं आणि आतलं सगळ्यांना दिसेल असं धरलं. तीन पिना. उजव्या पिनेला तार. डावीला काही नाही. वरच्या जाड पिनेला तार.

"ही तार जाड पिनेला कुणी लावली?"

"मी," हंबीरराव म्हणाले. "सात वर्सांमागं. न्यूट्रल गेला तवा. जाड पिनेतनं रॉडला जात हुतं, तवापास्नं कधी बंद न्हाई पडलं."

"खांबाच्या लाइटीला कसलीच पर्वा न्हाई, आबा. जमिनीत जावा, ओढ्यात जावा. ही गाडी तशी न्हाई. ही जेवढी लाइट ह्या पिनेतनं देती, तेवढी ह्या डाव्या पिनेतनं माघारी मोजून घेती. डावीतनं काय आलंच न्हाई तर तिला वाटतंय कुणीतरी माणूस चिकटलाय. म्हून ती त्याला वाचवती."

"कुणाला?"

"कुणालाच न्हाई. पर वाचवती."

त्यानं जाड पिनेचा स्क्रू ढिला केला, तार काढली, डाव्या पिनेला लावली, स्क्रू आवळला. झाकण बसवलं. मनुबाई चहा ठेवायला गेली होती; पाणी उकळायच्या आत तो मोकळा झाला.

बटण दाबलं. मोटर घरघरली, दबकली आणि चालू झाली. टकटक-टकटक. आठही गाईंनी माना वळवल्या. मॅडमचे कान उभे राहिले, डोळे अर्धे मिटले. मनुबाईनं एकेक करून चारी कप लावले. एक लाथ नाही. पारदर्शक नळ्यांतून दूध पळायला लागलं तशी केरबानं टाळी वाजवली. हंबीरराव गुडघ्यांवर हात ठेवून वाकून नळ्यांकडं बघत होते. पहिली नळी पांढरी. दुसरी पांढरी. तिसरी पांढरी. चौथीतून पिवळसर पाणी येत होतं, त्यात दह्याच्या कवड्यांसारखे कण. मग गुलाबी. मग एक बारीक लाल रेघ, आणि मग काही नाही.

रंगुबाईनं पुढं होऊन चौथा कप काढला, सड दोन बोटांत धरला, वरपर्यंत दाबत नेला आणि सोडला.

"कवा गरम झाला?" तिनं विचारलं.

"सकाळी."

"मग काल रातीपास्नंच," ती म्हणाली आणि हात लुगड्याला पुसले. काल रात्रीचं नाव निघाल्यावर अंगणातली माणसं हळूहळू आपापल्या वाटेला लागली. किराणावाला फ्रीजजवळ थोडा घुटमळला, पण विचारलं नाही. धैर्यशीलनं चहा उभ्यानंच घेतला. "आबा, चार मिन्टाचं काम हुतं," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच वाटलं, म्हणायला नको होतं.

तीन सडांचं दूध अकरा लिटर भरलं. मशीन बंद केलं. मनुबाईनं गरम पाण्याचं पातेलं आणि फडकं आणून ठेवलं. जनावरांच्या डॉक्टरला निरोप गेला होता, तो येईपर्यंत शेकायचं. तेवढ्यात हंबीररावांचा मोबाइल वाजला. अपेक्षा नव्हती, कोणी मुलगा होता.

"सर, तुमची कालची तक्रार बंद करायची होती. बाह्य विद्युतपुरवठा आता सुरू आहे असं आम्हाला इकडं दिसतंय. अभिनंदन सर. तुम्ही किती समाधानी आहात, ते गुणांत सांगाल का?"

"तीन," हंबीरराव म्हणाले.

"पाचपैकी तीन?"

"न्हाई. चारांपैकी."

"सर, आमच्याकडं पाचपैकी असतात."

"आमच्याकडं चारच असत्यात, दादा."

पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला. "मग तीनच टाकू का, सर?"

"टाका."

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला, फडकं पिळलं, वाफ निघेपर्यंत हातात धरलं आणि मॅडमच्या मागच्या उजव्या बाजूला उकिडवे बसले. सवयीनं त्यांनी नडगी आधी आत ओढून घेतली. फडकं सडाला लावलं, दाबलं, वरपर्यंत नेलं. मॅडमनं लाथ मारली नाही. त्या बाजूला लागलेला हात आता तिला कळत नव्हता.